काचेचे जठर

जेवण आटोपत आले की शेवटच्या भातावर ताक घेण्याची आपली रीत फार जुनी आहे. मराठी माणूस पुण्यात असो की इंदुरास, बडोद्यास असो की तंजावरास, पानाच्या शेवटी ताकभात झाला म्हणजेच त्याला जेवण पुरे झाल्याचे समाधान लाभते. तो शेवटचा घोट घशाखाली उतरला, की आपल्या दृष्टीने जेवणाची गोष्ट संपते. आज मला जी गोष्ट सांगावयाची आहे, ती मात्र तेथूनच सुरू होते.

दही म्हणजे नुसते आंबट झालेले दूध नव्हे. ती एक जिवंत वस्ती आहे. रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण लावले, की त्यातील सूक्ष्मजंतू दुधातल्या साखरेवर पोसतात, तिचे लॅक्टिक आम्ल करतात, आणि त्या आम्लाने सकाळपर्यंत दूध घट्ट विरजते. ह्या वस्तीची लोकसंख्या केवढी असते? योगर्ट ह्या नावाने जे दही जगभर विकले जाते, त्यात दर ग्रॅमला निदान एक कोटी जिवंत जंतू असावेत, असा आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेचा दंडक आहे. म्हणजे शंभर ग्रॅमांच्या एका वाटीत शंभर कोटी! एवढी प्रजा आपण चमच्याचमच्याने गिळतो आणि हात धुऊन मोकळे होतो.

येथे एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. आंबवलेला प्रत्येक पदार्थ जिवंत असतोच असे नाही. इडलीचे पीठ रात्रभर फुगते ते जंतूंमुळेच. पण इडली वाफेवर शिजली, की ते जंतूही तिच्याबरोबर शिजतात. ढोकळ्याचे तेच आणि उकळलेल्या कढीचेही तेच. तापाला दाद न देणारे काही बीजाणू तेवढे मागे उरतात. तेव्हा पोटातील प्रवासाचा प्रश्न उद्भवतो तो दही, ताक, लोणी ह्यांसारख्या न तापवता खाल्लेल्या पदार्थांपुरता. ह्या प्रवाशांचे पुढे काय होते? ते जिवंतपणी आतड्यात पोचतात की वाटेतच मरतात? आणि पोचले, तरी त्यांचे पोचणे आपल्या कोणत्या कामाचे?

हा प्रश्न विचारणे सोपे, पण पाहणे अवघड. कारण पोट ही बंद खोली आहे. तिच्यात डोकावण्याच्या मनुष्याच्या खटपटी मोठ्या मनोरंजक आहेत. १७५२ साली रेओम्यूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने आपल्या पाळीव घारीला धातूच्या जाळीदार नळ्यांतून मांस गिळावयास लावले. न पचणारी वस्तू घार ओकून टाकते. नळ्या परत आल्या तेव्हा आतले मांस विरघळू लागलेले होते. नळीत ते दळले जाणे शक्यच नव्हते. म्हणजे पचन हे नुसते दळण नव्हे, तेथे काही रस काम करीत असला पाहिजे. पुढे इटलीतील स्पालान्झानी ह्या शास्त्रज्ञाने हेच प्रयोग स्वतःवर केले. कापडाच्या पिशव्यांत अन्न भरून तो त्या गिळीत असे. जठररस बाहेर काढून, नळीत मांसाबरोबर भरून आणि ती नळी काखेच्या उबेत धरून त्याने पोटाबाहेर पचन घडवून दाखविले. जगातले पहिले काचेचे जठर ते हेच, असे म्हणावयास हरकत नाही. त्याला आणखी एक गोष्ट दिसली. जठररसात ठेवलेले मांस विरघळते, पण कुजत नाही. कुजणे हे जंतूंचे काम, हे त्या काळी कोणासच ठाऊक नव्हते. जठर केवळ आचारी नसून द्वारपालही आहे, ह्याची पहिली खूण मात्र तेथे उमटली होती.

तिसरी गोष्ट अमेरिकेतील. १८२२ साली मॅकिनॅक बेटावर एका तरुण मजुराला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण त्याच्या जठराला बाहेर उघडणारे छिद्र कायमचे राहिले. बोमाँट नावाच्या लष्करी डॉक्टरने त्या छिद्रातून वर्षानुवर्षे पचनाचे निरीक्षण केले, बाहेर काढलेल्या रसात अन्न घालून कुप्या उबेत ठेवल्या, आणि पोटातील व कुपीतील पचन एकमेकांशी ताडून पाहिले. १८३३ साली त्याने ते सारे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. कुपीतले खरे मानावयाचे, तर ते पोटातल्याशी जुळले पाहिजे, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

ह्यानंतर दह्याचा प्रश्न पुढे आला तो मेचनिकॉफ ह्यांच्यामुळे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील ह्या रशियन शास्त्रज्ञाला १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ते शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी होते; पण लोकांच्या तोंडी त्यांचे नाव झाले ते दह्यामुळे. मोठ्या आतड्यात अन्न कुजते, त्यातून विषे निपजतात व म्हातारपण लवकर येते. दह्यातील जंतू आतड्यात वस्तीला गेले तर ही कुजण्याची क्रिया थांबेल, असे त्यांचे मत होते. बल्गेरियातील दही खाणारे शेतकरी दीर्घायुषी असतात, ह्याचा ते दाखला देत. १९०५ साली ग्रिगोरोव्ह ह्या तरुण बल्गेरियन वैद्याने आपल्या देशाच्या दह्यातील मुख्य जंतू जिनिव्हात हुडकून काढला होता. मेचनिकॉफ स्वतः नेमाने आंबट दूध पीत. १९१६ साली, वयाच्या ७१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

सिद्धान्त रम्य होता; पण तो एका गृहीतावर उभा होता. ते गृहीत असे, की दह्यातील जंतू आतड्यापर्यंत जिवंत पोचतात आणि तेथे राहतात. १९२१ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या रेटगर व चेपलिन ह्यांनी हे तपासून पाहिले, तेव्हा बल्गेरियन जंतू आतड्यात घर करून राहात नाही असे आढळले. त्याचा भाऊबंद शोभणारा अ‍ॅसिडोफिलस नावाचा जंतू मात्र तेथे टिकाव धरताना दिसला. दिसायला सारखे, आडनाव एक, आणि वागणे निराळे! तेव्हापासून 'कोणता जंतू तग धरतो' हा प्रयोगशाळांचा नेमाचा प्रश्न होऊन बसला.

आता आजचे काचेचे जठर कसे असते ते सांगतो. पूर्वी प्रत्येक प्रयोगशाळेचे जठर निराळे असे. कोणी तीव्र आम्ल घेई, कोणी सौम्य. कोणी तासभर थांबे, कोणी तीन तास. त्यामुळे एकाचा निष्कर्ष दुसऱ्याच्या कामास येत नसे. २०१४ साली अनेक देशांतील संशोधकांनी एकत्र बसून एक समाईक पद्धत ठरवली. तिचे नाव इन्फोजेस्ट. २०१९ साली तिच्यात सुधारणा झाली. पद्धत ऐकावयास साधी आहे. अन्न घ्यावयाचे, त्यात तेवढीच कृत्रिम लाळ मिसळून दोन मिनिटे घोळावयाचे. मग तेवढाच कृत्रिम जठररस घालून, पेप्सिन हे पाचक द्रव्य मिसळून, दोन तास ढवळत ठेवावयाचे. शेवटी तेवढाच आतड्याचा रस, त्यात स्वादुपिंडाची पाचक द्रव्ये आणि पित्त; पुन्हा दोन तास. ह्या सर्व वेळात ऊब ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्या अंगाची.

आम्लाची तीव्रता पी-एच ह्या मापाने सांगतात. शुद्ध पाण्याचा अंक सात. अंक खाली उतरेल तसे आम्ल तीव्र होते, आणि एका अंकाची उतरण म्हणजे दहापट तीव्रता. रिकाम्या जठरातील अंक दोनच्या आसपास, कधी त्याहूनही खाली असतो. पण जेवण पडले, की अन्न ते आम्ल शोषून घेते, अंक चार-पाचांच्या पुढे चढतो आणि मग तास-दोन तासांत हळूहळू उतरतो. इन्फोजेस्ट पद्धतीत ह्या चढउताराची एक सरासरी म्हणून तीन हा अंक धरला आहे. ज्यांना सरासरीवर समाधान नाही त्यांनी हालचाल करणारी यंत्रे बांधली. नेदरलँड्समध्ये १९९० नंतरच्या दशकात तयार झालेल्या टिम नावाच्या यंत्रात जठर व लहान आतड्याचे तीन भाग ओळीने जोडलेले असतात. लवचीक भिंती पाण्याच्या दाबाने आकुंचन पावतात, आम्ल थेंबाथेंबाने वाढते आणि अन्न थोडेथोडे पुढे सरकते. बेल्जियममधील गेंट येथे १९९३ साली रचलेल्या शाइम ह्या यंत्रात एकापुढे एक पाच पात्रे आहेत, आणि शेवटच्या पात्रांत मोठ्या आतड्यातील जंतूंची वस्तीच नांदविलेली असते.

हे सारे झाल्यावर मोजणी. पात्रातील थेंब घेऊन तो दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करीत न्यावयाचा, पोषक खळ घातलेल्या बशीवर पसरावयाचा आणि बशी उबवणपेटीत ठेवावयाची. एक जिवंत जंतू वाढून एक ठिपका होतो. दोन दिवसांनी ठिपके मोजावयाचे. सर्वांत अवघड काम हेच, कारण ह्यात घाई चालत नाही.

ह्या कामात मी नवखा असतानाची एक चूक येथे सांगणे मला आवश्यक वाटते. पहिलाच प्रयोग माझ्याकडे आला तेव्हा काटेकोरपणाच्या भरात मी दह्यातील जंतू वेगळे केले, मिठाच्या पाण्याने तीनदा धुतले आणि अगदी शुद्ध स्वरूपात तीव्र आम्लात सोडले. दोन दिवसांनी बश्या काढल्या, तर सगळ्या स्वच्छ! एकही ठिपका नाही. मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिले: 'एकही जिवंत नाही.'

त्याच सुट्टीत मी घरी गेलो. माझ्या आत्याला दूध कधी सोसत नसे. पोट फुगे, गुरगुरे. दही मात्र ती रोज खाई. घरात शास्त्र शिकलेला मी एकटा. मी तिला ऐटीत सांगितले, "आत्या, तुझ्या दह्यातले जंतू पोटात शिरताच मरतात, मी स्वतः पाहिले आहे. दह्याचे एवढे कौतुक काही खरे नाही. हाडांसाठी सरळ दूध घेत जा." तिने माझ्या शब्दाखातर दही सोडले आणि दूध सुरू केले. पंधरा दिवसांनी घरून पत्र आले. आत्याने अंथरूण धरले होते, आणि आपल्याला दूध बाधले असे ती कोणालाही सांगू देत नव्हती, कारण सल्ला माझा होता.

प्रयोगशाळेत परतल्यावर मी वही गुरुजींपुढे ठेवली. त्यांनी ती वाचली आणि म्हणाले, "अरे, जंतू धुऊन कोण खातो? तुझ्या आईने कधी विरजण धुऊन वाढले होते का?" मग त्यांनी मला तोच प्रयोग सबंध दह्याचा चमचा घालून करावयास लावला. ह्या खेपेस बश्यांवर ठिपक्यांची दाटी होती. जंतू तेच, आम्ल तेच. फरक एवढाच, की ह्या वेळी ते आपल्या दुधाच्या घरासह आले होते. दुधातील प्रथिने आम्ल शोषतात, घट्ट साय आणि गुठळ्या जंतूंना आडोसा देतात. जंतूचा टिकाव हा एकट्या जंतूचा गुण नव्हे. तो कोणाच्या सोबतीने, केव्हा आणि किती संख्येने प्रवासाला निघाला, ह्यावर ते ठरते.

ह्या नियमाला दुसरी बाजूही आहे, आणि ती गंभीर आहे. जो आडोसा मित्रांना मिळतो तोच शत्रूंनाही मिळतो. १८९२ साली म्युनिकच्या पेटेनकोफर ह्या वृद्ध आरोग्यशास्त्रज्ञाने, कॉलरा केवळ जंतूने होत नाही हे सिद्ध करण्यासाठी, कॉलऱ्याच्या जंतूंचा द्रव लोकांसमक्ष पिऊन टाकला. जठराच्या आम्लाने जंतू मेले असे कोणी म्हणू नये, म्हणून त्याने आधी सोडा घेतला होता. सुदैवाने त्याचे थोड्याशा जुलाबांवर निभावले. त्याचा सिद्धान्त मात्र टिकला नाही. पण आम्लाचे महत्त्व त्याने अचूक ओळखले होते. पुढे विसाव्या शतकात स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगांत दिसले, की नुसत्या पाण्यातून कॉलरा व्हावयाचा तर जंतू दहा कोटींहून अधिक लागतात. पण सोडा देऊन आम्ल मारले, की दहा हजार ते दहा लाखही पुरतात. हे ध्यानात घेतले म्हणजे, आम्लपित्तावरची औषधे वैद्याला न विचारता महिनोन्‌महिने घेणारांनी शिळ्या आणि उघड्या अन्नाविषयी दुप्पट सावध का असावे, ते वेगळे सांगावयास नको. द्वारपालाला आपण गुंगीचे औषध दिलेले असते.

जठराच्या पुढे दुसरे नाके पित्ताचे. पित्ताचे काम स्निग्धांश फोडण्याचे. साबण जसा तेलकट भांड्यावर चालतो तसे ते चालते. जंतूच्या अंगाभोवतीचे आवरणही स्निग्धच, म्हणून पित्त त्यालाही फोडते. ज्यांचा जन्म आतड्यातच जातो त्या जंतूंनी ह्यावर उपाय शोधलेला आहे. कोणी पित्तच मोडून टाकतो, कोणी दुहेरी आवरण धारण करतो. विसाव्या शतकाच्या आरंभी मॅकॉन्की ह्यांनी ह्याच गोष्टीचा उपयोग करून घेतला. बशीतील खळीत पित्तक्षार घातले, की बाहेरचे जंतू बरेचसे मरतात आणि आतड्यातले उगवतात. आजही आपल्याकडील रोगनिदानाच्या प्रयोगशाळांत ही खळ रोज वापरली जाते.

बल्गेरियन दह्याचा जंतू ह्या नाक्यावर अडखळतो. त्याचे कारणही आता समजले आहे. २००६ साली त्याचा सारा आनुवंशिक लेख वाचला गेला, तेव्हा त्याची पुष्कळ जनुके मोडून निकामी झालेली आढळली. पिढ्यानपिढ्या दुधाच्या सुखवस्तू घरात राहिल्याने बाहेरच्या जगाला तोंड देण्याची शस्त्रे तो टाकून बसला आहे. टिम यंत्रात दह्याच्या आणि आतड्यातल्या जंतूंवर झालेला एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात यंत्रातील मोजणी माणसांच्या पोटातील मोजणीशी चांगली जुळली, आणि पित्ताचे प्रमाण किती आहे ह्यावर जगणाऱ्यांची संख्या अवलंबून असल्याचेही दिसले. बोमाँटचा धडा येथे पाळला गेला होता.

मग माणसाच्या पोटातून दह्याचे जंतू शेवटपर्यंत जिवंत पोचतात की नाही? उत्तर एका वाक्यात देता आले असते तर बरे झाले असते. २००५ साली स्पेनमधील संशोधकांनी ११४ निरोगी तरुणांना रोज योगर्ट दिले. त्यांच्या विष्ठेत त्या जंतूंचा मागमूस फारसा लागला नाही. २००६ साली इटलीतील संशोधकांनी २० जणांवर तसाच प्रयोग केला, आणि त्यांना जिवंत जंतू सापडले. दोन्ही प्रामाणिक, दोन्ही एकाच नियतकालिकात प्रसिद्ध. शोधण्याची रीत निराळी, दह्याचे नमुने निराळे, खाणारे निराळे. शंभर कोटींतील नव्वद टक्केच नव्हे, नव्याण्णव टक्के वाटेत मेले असे समजा. तरी एक कोटी उरतात. त्यांना 'थोडे' म्हणावयाचे की 'पुष्कळ', हे मोजणाऱ्याच्या नजरेवर असते. त्यातही काही जंतू मरत नाहीत, तर मूर्च्छित होतात. बशीवर ते उगवत नाहीत, म्हणून मेलेल्यांत जमा होतात. आणि पोचलेले जंतूही बहुधा वाटसरूच असतात. खाणे थांबले, की थोड्याच दिवसांत तेही दिसेनासे होतात.

आता मी पुन्हा आत्याकडे वळतो. ती बरी झाली आणि काही न बोलता तिने दही पुन्हा सुरू केले. पण माझ्या मनातला प्रश्न सुटेना. दूध बाधते आणि दही सोसते, हे कसे? दोन्हींत दुग्धशर्करा आहेच. दह्यात थोडी कमी, एवढेच. मोठेपणी अनेकांच्या आतड्यात ती साखर फोडणारे लॅक्टेज हे द्रव्य पुरेसे राहात नाही. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तेथील जंतू तिच्यावर तुटून पडतात, वायू होतो आणि पोट फुगते. आपल्या देशात असे लोक थोडेथोडके नाहीत.

ह्याचे उत्तर १९८४ सालीच छापले गेले होते. मी ते वाचलेले नव्हते, एवढाच माझा दोष. अमेरिकेतील मिनिॲपोलिस येथील संशोधकांनी लॅक्टेज कमी असलेल्या दहा जणांना एकदा दूध आणि एकदा योगर्ट दिले, आणि त्यांच्या श्वासातील हायड्रोजन मोजला. साखर न पचता मोठ्या आतड्यात गेली, की तो वायू श्वासात उतरतो. योगर्ट घेतल्यावर तो दुधाच्या मानाने सुमारे एकतृतीयांशच निघाला. कारण असे, की साखर फोडणारे ते द्रव्य दह्याच्या जंतूंपाशीही असते. जठराच्या आम्लापासून जंतूचे आवरण त्या द्रव्याचे रक्षण करते. पुढे लहान आतड्यात पित्त ते आवरण सैल करते, फोडते, आणि आतले द्रव्य खाणाऱ्याच्या साखरेवर काम करू लागते. जो मृत्यू मी माझ्या वहीत पराभव म्हणून लिहिला होता, त्यातच आत्याचे पचन होते. अति तगणारा, पित्ताला मुळीच न बधणारा जंतू येथे कदाचित एवढ्या कामाचा ठरला नसता. मात्र जठर ओलांडीपर्यंत तो शाबूत हवा. तापवून मारलेल्या दह्यात हा गुण फारसा उरत नाही.

म्हणून मला वाटते, की ह्या विषयात आपण तीन प्रश्नांची गल्लत करतो. जंतू आतड्यात जिवंत पोचतो का, हा एक प्रश्न. तो तेथे राहतो का, हा दुसरा. आणि त्याने माणसाचे भले होते का, हा तिसरा. काचेचे जठर पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते, आणि नीट विचारले तर चांगले देते. पण पहिल्याचे उत्तर तिसऱ्याच्या नावाने विकले जाते, तेव्हा ग्राहकाने थांबून विचार करावा. बाटलीवर 'आम्लात व पित्तात टिकणारे जंतू' असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ एवढाच, की ते जंतू टिकाऊ आहेत. टिकाऊपणा हा कॉलऱ्याच्या नातलगांपाशीही असतो.

सन २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना ह्यांच्या तज्ज्ञांनी हितकारी जंतूंची, म्हणजे प्रोबायोटिकची, जी व्याख्या केली तीत जिवंतपणा, पुरेशी संख्या आणि प्रत्यक्ष लाभ ह्या तिन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. २०११ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग ह्यांनी आपल्या देशासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतही आम्ल आणि पित्ताच्या कसोट्या आहेत. पण त्या केवळ पहिल्या पायऱ्या आहेत. शेवटची कसोटी माणूसच.

ती कसोटी कशी असते, ह्याचे एक उदाहरण आपल्याच देशातील आहे. ओडिशातील खेड्यांत ४,५५६ नवजात बालकांवर झालेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या बालकांना लॅक्टोबॅसिलस प्लांटॅरम हा निवडक जंतू, त्याला पोसणाऱ्या शर्करेसह, सात दिवस दिला गेला. उरलेल्यांना निष्क्रिय पूड. पहिल्या साठ दिवसांत जंतुदोषाने आजारी पडणारी किंवा दगावणारी बालके एका गटात शंभरांत नऊ होती, दुसऱ्यात पाचांहून थोडी अधिक. हे आकडे कोणत्याही काचेच्या जठरातून निघाले नसते. त्यासाठी खेड्यापाड्यांतून, घराघरांतून, दोन महिने बालकांची खबर घेत फिरावे लागले. आणि हे यश त्या एका जंतूचे, तशा वजनाच्या व तशा प्रकृतीच्या बालकांपुरते. फार लवकर जन्मलेल्या नाजूक बालकांना जिवंत जंतू अपायही करू शकतात, असा इशारा २०२३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला द्यावा लागला. एका जंतूचे प्रशस्तिपत्र दुसऱ्याच्या कामाला येत नाही.

काचेच्या जठराला मी कमी लेखतो, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. ते आहे म्हणून हजार जंतूंतून दहा निवडता येतात आणि उरलेल्यांसाठी माणसाला कष्ट द्यावे लागत नाहीत. त्याला भूक नाही, चिंता नाही, सणवार नाहीत. म्हणूनच ते विश्वासू आहे आणि म्हणूनच अपुरे आहे. त्याने काय सांगितले, ह्याइतकेच आपण त्याला काय विचारले होते, हे महत्त्वाचे.

माझी ती जुनी वही अजून माझ्यापाशी आहे. 'एकही जिवंत नाही' ह्या ओळीखाली मी पुढे एक ओळ लिहून ठेवली: 'प्रश्न चुकीचा विचारला.' आत्याला ते सांगावयास गेलो, तेव्हा ती ताक घुसळीत होती. सारे ऐकून घेऊन तिने रवी थांबवली आणि विचारले, "म्हणजे ते बिचारे माझ्यासाठी मरतात म्हणायचे?" शास्त्राच्या भाषेत ह्या प्रश्नाला होकार देता येत नाही, जंतू कोणासाठीच मरत नाहीत. मी काही बोललो नाही. तिने माझ्यापुढे ताकाचा पेला ठेवला आणि मी तो प्यालो.